छावणीतील एक धान्याचे दुकान: साठवणीच्या खरेदीविषयी

इंदूरच्या छावणी भागात, संयोगितागंज मंडीच्या आसपास, धान्याची दुकाने पुष्कळ आहेत. त्यांपैकी ज्या एका दुकानातून आमच्या घरी अनेक वर्षे साठवणीचे धान्य येते, त्याविषयी लिहावेसे वाटते, कारण तेथे प्रत्येक पोत्यावर मालाचा वाण, तो आला तो भाग आणि त्याचा हंगाम स्पष्ट लिहिलेला असतो. ही शिस्त साधी वाटली तरी शहरात फार कमी ठिकाणी आढळते. रामबाग किंवा लोकमान्यनगरातील ज्या मराठी घरांत अजूनही उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरले जातात, त्यांनी एकदा तरी हे दुकान पाहावे. पोत्यांवरच्या त्या चिठ्ठ्या ओळीने वाचत गेले, तर आपल्या देशाचे अन्न गेल्या सत्तर वर्षांत कसे बदलले हेही पुष्कळसे उलगडते.

गहू हे या दुकानाचे बलस्थान आहे. सिहोरकडचा शरबती, लोक-१ व पूर्णा, तसेच बाफले, रवा व लापशीसाठी लागणारे पोषण, तेजस यांसारखे कठिया, म्हणजे कडक दाण्याचे, वाण येथे वेगवेगळे ठेवलेले असतात. शरबती म्हणून जो माल मिळतो तो मुख्यतः सी-३०६ या जुन्या वाणाचा असतो. त्याच्या पोळ्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात, परंतु त्याचा भाव सरकारी हमीभावाच्या दीडपटीहूनही वर जातो. रोजच्या पोळीला लोक-१ पुरेसा चांगला आहे आणि दुकानदार स्वतःच तसे सांगतात, हे मला विशेष वाटते. वानगी हातावर घेऊन दाणा चावून पाहण्यास कोणी हरकत घेत नाही, आणि मागितल्यास ओलावा यंत्रावर मोजून दाखवतात. बारा टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा गहू कोठीत भरण्यासाठी घेऊ नये, असा त्यांचाच आग्रह असतो.

ही निवड करण्याची मुभा किती अलीकडची आहे, याची जाणीव खरेदी करताना राहत नाही. १९५१ साली देशात दरडोई दररोज सुमारे ६६ ग्रॅम गहू उपलब्ध होता. २०११ साली तो आकडा १६३ ग्रॅमच्या आसपास पोहोचला, आणि त्या काळात लोकसंख्या ३६ कोटींवरून १२१ कोटींवर गेली होती. मधल्या वाटेवर १९६५-६६चा दुष्काळ आहे. त्या एका वर्षात देशाचे धान्योत्पादन ८.९ कोटी टनांवरून ७.२ कोटी टनांवर घसरले आणि १९६६ साली एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले, त्यातील मोठा वाटा अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत योजनेतील होता. आमच्या आजीच्या पिढीने रेशनवरचा तो परदेशी लाल गहू आणि मिलो ज्वारी नाइलाजाने खाल्ली. त्याच १९६६ साली मेक्सिकोहून अधिक उतारा देणाऱ्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आले. त्याचा लालसर दाणा लोकांना रुचला नाही, म्हणून आपल्या संशोधकांनी कल्याणसोना व सोनालिका हे पिवळसर दाण्याचे वाण पुढे आणले. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे केंद्र इंदुरातच आहे, आणि या दुकानातील पोषण, तेजस व पूर्णा हे वाण तेथेच तयार झालेले आहेत. १९५०-५१ साली सुमारे ६५ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन २०२२-२३ मध्ये ११ कोटी टनांवर गेले. चार वाणांपैकी एक नाकारून दुसरा मागणारा आजचा ग्राहक या परिश्रमांमुळे उभा आहे, आणि त्याबद्दल मनात कृतज्ञता असावी असे मला प्रामाणिकपणे वाटते.

डाळींच्या पोत्यांवरील चिठ्ठ्या मात्र वेगळे काही सांगतात. तुरीच्या एका पोत्यावर बर्मा लेमन (म्यानमारहून येणारी तूर), दुसऱ्यावर आफ्रिका आणि मसुरीवर कॅनडा असे लिहिलेले असते. अनेक दुकानांत हा सर्व माल देशी म्हणूनच खपतो, म्हणून येथील स्पष्टपणाचे मोल मोठे आहे. गाडरवाड्याकडची तूरडाळ येथे हंगामात मिळते. ती लवकर शिजते, वरणाला गोडसर चव येते आणि थोडे अधिक पैसे देऊन ती घेणे योग्य ठरते. गव्हाच्या व भाताच्या वाट्याला सिंचन आणि खात्रीची सरकारी खरेदी आली, तर डाळी कोरडवाहू जमिनीवर राहिल्या; त्याचा परिणाम म्हणून १९५१ साली दरडोई दररोज ६१ ग्रॅमच्या आसपास असलेली डाळींची उपलब्धता २००१ पर्यंत ३० ग्रॅमवर आली. ज्या घरांत दूध-अंडी परवडत नाहीत, त्यांच्या ताटातून ही घट थेट प्रथिनांची झाली. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा या दुर्लक्षाची किंमत सर्वांनाच कळली. त्यानंतर हमीभाव वाढले, सरकारने साठाही उभारला आणि २०१७-१८ पर्यंत कडधान्यांचे उत्पादन सुमारे अडीच कोटी टनांवर पोहोचले. तरीही परदेशी माल या दुकानातून हटलेला नाही.

ज्वारीच्या बाबतीत दुकान कमी पडते. ती मागच्या बाजूला ठेवलेली असते, पुष्कळदा एक-एक किलोच्या पाकिटांत असते, आणि एकदा तिच्यात जाळी लागलेली निघाली. पाकीट त्यांनी विनातक्रार बदलून दिले, पण माल फिरत नसल्याचे त्यातून दिसले. चांगली मालदांडी सोलापूरकडून येते आणि महाग पडते. माळव्याच्या काळ्या मातीत सोयाबीन आल्यानंतर ज्वारीचे क्षेत्र आक्रसले. देशभरातही तांदूळ व गहू वगळता इतर तृणधान्यांची दरडोई उपलब्धता १९५१ ते २०११ या काळात ११० ग्रॅमवरून सुमारे ६६ ग्रॅमवर आली. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाल्यावर मागणी थोडी वाढली, परंतु भाकरी हे ज्यांचे रोजचे अन्न होते त्यांच्यापेक्षा हौसेने घेणाऱ्यांसाठीच ती पाकिटे बांधली जातात, ही गोष्ट मला खटकते.

तेलाच्या डब्यांपाशी ही सगळी शिस्तच संपते. कोणते तेल कोठून आले याची चिठ्ठी नसते, आणि विचारल्यास सर्व रिफाइंड सारखेच, असे उत्तर मिळते. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ नंतर पामतेलाची आयात खुली झाली आणि आज आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इंदुरात आहे, भोवतालची शेते सोयाबीनने भरलेली आहेत, पण त्या दाण्यात तेल जेमतेम अठरा-वीस टक्के असते आणि उरलेली पेंड पशुखाद्याकडे व निर्यातीकडे जाते. म्हणून गव्हाविषयी इतक्या काळजीने बोलणाऱ्या दुकानदारांनी तेलाविषयीही तशीच माहिती द्यावी, ही अपेक्षा वाजवी आहे. तोवर तेल मी दुसरीकडून घेणेच पसंत करीन.

सेवा नीट आहे. गहू यंत्रावर साफ करून देतात, वजन डोळ्यांसमोर करतात आणि पोती घरी पोहोचवतात. वाहतुकीचे पैसे आधी सांगितले जातात. २०२२ च्या मार्चमधील उष्णतेने दाणा बारीक राहिला होता आणि १३ मे रोजी निर्यातबंदी आली, त्या हंगामात दुकानदारांनी हलका दाणा चांगल्यात न मिसळता कमी भावाने वेगळा विकला, हे मी स्वतः पाहिले आहे. शरबतीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाजारात त्या नावाची पोती फार वाढली आहेत. तेव्हा एप्रिलच्या उत्तरार्धात, नवा माल स्थिरावल्यावर जावे, आणि वाण व गावाचे नाव बिलावर लिहून मागावे. येथे ते लिहून देतात.