वीस बातची टुकटुक आम्हाला सव्वा लाखाला पडली

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लपवाछपवी नको. 1,21,832 रुपये. बँकॉकच्या दुकानात 46,800 बात (हे थायलंडचं चलन), त्या दिवशीचा एका बातला अडीच रुपयांचा दर, वर परदेशी व्यवहाराचे कार्डाचे साडेतीन टक्के आणि त्या साडेतीन टक्क्यांवर जीएसटी. मी बँकेत 31 वर्षं काढली, त्यातली नऊ कॅशवर. पाचशेची नोट नुसती बोटांत धरली तरी खोटी कळायची. आणि मला एका अर्धशिक्षित दिसणाऱ्या टुकटुकवाल्यानं, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्यानं, फिरवलं.

पर्यटकांना गोड बोलून दुकानात नेतात आणि हलकी रत्नं महागात गळ्यात मारतात, ती बँकॉकची रत्नांची फसवणूक कुणाला माहीत नाही? मलाही होती. जाण्याआधी व्हिडिओ पाहताना ‘लोक इतके बावळट असतात कसे’ असं मी हिला म्हणालोही होतो. ते वाक्य ती अजून अधूनमधून मला परत ऐकवते.

एप्रिल महिना. टूरचा मोकळा दिवस होता, म्हणून दोघंच मेट्रोनं सनम चाय स्टेशनला उतरलो आणि राजवाड्याकडे, म्हणजे ग्रँड पॅलेसकडे, चालत निघालो. दहाच वाजले होते, पण ऊन असं की डांबरावर पाय ठेववेना. हवेत ओल इतकी की घाम पुसावा तिथेच परत फुटावा. आपल्याकडचं ऊन भाजतं, तिथलं उकडतं. त्या राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीला सुमारे दोन किलोमीटरचा वेढा आहे. दक्षिणेकडून आलात तर वाटेत जी दारं लागतात ती बंदच असतात. पर्यटकांचं दार उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्यासमोर बंद दार होतं आणि त्या दारासमोर पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस उभा होता. तो म्हणाला, आज सकाळी भिक्षूंची पूजा आहे, एक वाजता उघडेल. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? दार बंद दिसतंय, माणूस बंद म्हणतोय.

पण इथेच मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्याच वेळी आमच्या बाजूनं माणसांचे लोंढेच्या लोंढे चालले होते. छत्र्या, टोप्या, झेंडी धरलेले गाइड, त्यांच्यामागे चाळीस-चाळीस जणांचे घोळके, सगळे एकाच दिशेला. ही म्हणालीसुद्धा, “अहो, बंद आहे तर मग ही माणसं कुठे चाललीत?” मी काय उत्तर दिलं असेल? “त्यांचं बुकिंग असेल.” कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्या भामट्याची वकिली मी फुकटात केली.

लिहून ठेवा. राजवाडा रोज साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकीट बंद होतं. तिकीट 500 बात. राजघराण्याचा काही समारंभ असला तरच बंद, आणि तेही दारावरच विचारायचं, रस्त्यात नाही.

त्यानं आमच्याच नकाशावर पेनानं तीन गोल काढले. उभा बुद्ध, एक छोटं देऊळ आणि ‘सरकारी एक्स्पोर्ट सेंटर’. तिथे म्हणे वर्षातून एकदाच करमाफी असते आणि आज शेवटचा दिवस. टुकटुक त्यानंच थांबवली. तिन्ही ठिकाणं मिळून 20 बात. म्हणजे पन्नास रुपये! आपल्याकडे पन्नास रुपयांत रिक्षावाला स्टँडवरून मानसुद्धा वळवत नाही, आणि हा उन्हातान्हात अर्धं शहर फिरवणार. मला वाटलं, देश स्वस्त आहे. (स्वस्त आहे, पण इतका नाही. या लोकांना दुकानाकडून कमिशन आणि पेट्रोलचं कूपन मिळतं.)

उभा बुद्ध मात्र खरा आहे. वाट इंथराविहान, 32 मीटर उंच, सोनेरी, मान पाठीला टेकेपर्यंत वर करावी लागते. सगळंच खोटं असतं तर कुठेतरी संशय आला असता. यांनी खऱ्याच्या मधोमध खोटं ठेवलं होतं.

दुसऱ्या देवळात आम्ही दोघंच. फरशी इतकी तापलेली की अनवाणी उड्या मारत सावलीत गेलो. तिथे एक गृहस्थ आधीच बसलेले, चांगलं हिंदी बोलणारे. सिंगापूरला राहतो म्हणाले. आपणहून त्यांनी रत्नांचा विषय काढलाच नाही, हे विशेष. मी ‘एक्स्पोर्ट सेंटर’ म्हटल्यावर कुठे म्हणाले, “आज आखिरी दिन है ना? मैं तो हर साल लेता हूँ, वहाँ दुगने में जाता है.” एकाच खोट्याला दोन अनोळखी माणसांनी दुजोरा दिला की ते खरं वाटतं. कर्जाच्या फायलीत दोन जामीनदार एकमेकांच्या नात्यातले निघाले तर मी फाइल परत पाठवायचो. इथे तेवढी अक्कल चालली नाही. उकाड्यानं डोकंच बधिर झालं होतं. ही सबब वाटेल, पण दुपारी बारा वाजता तिथे फिरून बघा.

दुकानात शिरताच एसीचा झोत, सुगंधी ओला नॅपकिन, बर्फाचं सरबत. त्या सरबताला मी सव्वा लाख मोजले असं हिचं मत आहे. माणकाची अंगठी आणि दोन सुटे नीलम. ही नीलमला तयारच नव्हती. पत्रिका दाखवल्याशिवाय नीलम कुणी घरात आणतं का, असं तिचं म्हणणं. मी तिला अंधश्रद्धेवर पाच मिनिटं भाषण दिलं. 52,000 बात, दहा टक्के सूट, 46,800. प्रमाणपत्र, शिक्का, सगळं रीतसर. वर, “कस्टममध्ये त्रास नको, आम्हीच घरी कुरिअर करतो.” ही खरी मेख. वस्तू हातात नाही म्हणजे दुसऱ्या दुकानात दाखवता येत नाही, आणि हातात येईपर्यंत तुम्ही देश सोडलेला असतो. विकत घेतलेली वस्तू कुणी पोस्टानं पाठवतो म्हणाला तर तिथूनच उठा.

बाहेर आलो तर टुकटुक गायब. आमचे 20 बात न घेता गेला होता! भाडं न घेता जाणारा रिक्षावाला जन्मात पाहिलाय कुणी? तेव्हा मागे फिरलो असतो तर निदान काही रक्कम तरी सुटली असती, कारण त्याच दिवशी जाऊन हटून बसणाऱ्यांना ही दुकानं कधीकधी थोडं कापून पैसे परत देतात म्हणे. मी मात्र म्हणालो, “चला, वीस बात वाचले.” राजवाड्यापाशी पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. आता मात्र तो खरोखरच बंद झाला होता.

अकराव्या दिवशी पार्सल आलं. आमच्या सराफांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. माणकाच्या चिरांत काच भरलेली, आत बुडबुडे दिसतात, मलाही दाखवले. नीलम खरे, पण हलके, काळपट. सगळं मिळून सहा-सात हजारांचा माल. तपासणीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, ते जास्त लागलं.

पुढची वरात ऐका. कार्डाच्या बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात, सही तुमची, वस्तू पोचली. मग वाद कसला? चार मेल, चारही उत्तरं एकाच साच्यातली, खाली नाव निराळं. पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, घटना परदेशातली, तिकडे करा तक्रार. तिकडे फोन लावला तर, माल खोटा नाही, किंमत तुम्ही कबूल केलीत, हा फौजदारी मामला होत नाही. पावती पाहा म्हणाले. पावतीवर खरंच बारीक अक्षरात ‘नॅचरल, ट्रीटेड’, म्हणजे नैसर्गिक पण प्रक्रिया केलेलं, असं छापलंय! म्हणजे कायद्यानं मला कुणी फसवलेलंच नाही. मग ते ओळखपत्र? ते ‘सरकारी’? ते तोंडी होतं, लेखी आहे का काही? एकानं तर मला समजावलं, “काका, या वयात जरा जपून.” एकतीस वर्षं काउंटरच्या पलीकडे बसून मीही लोकांना अशीच उत्तरं दिली असतील, असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. आणि शेवटी बँकेचा मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढली आहे, सेवेला पाचपैकी गुण द्या.

तिथे पर्यटक पोलिसांचा नंबर 1155 आहे. विमानात बसण्याआधी फोनमध्ये घाला, आणि लावायचाच तर देश सोडण्याआधी लावा. परदेशी व्यवहारांची मर्यादा ॲपमधून दहा-पंधरा हजारांवर आणून ठेवा. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाला, नाहीतर ‘या कपड्यांत सोडत नाहीत, चला माझ्याबरोबर’ हा दुसरा सापळा त्याच भिंतीपाशी उभा असतो.

साडूभाऊ दिवाळीत बँकॉकला निघालेत. राजवाडा कसा होता, असं परवा त्यांनी विचारलं. “छान,” म्हणालो. तोंडानं सांगवेना. आता हे लिहिलेलंच त्यांना पाठवणार आहे, माझं नाव काढून.