गिंकोचे फाटे की लिंबाची जाळी?
गिंको नावाच्या झाडाच्या पंख्यासारख्या पानात शीर दोनात फुटते, पुन्हा दोनात; फाटे सहसा परत जुळत नाहीत. लिंबाच्या (लिंबूझाडाच्या) पानात मधल्या जाड शिरेभोवती बारीक जाळी असते, वेढ्यात वेढा. वहीत जपलेलं पिंपळपान उजेडात धरा, अशीच जाळी दिसेल.

खरा फरक इजा झाल्यावर कळतो. रॉकफेलर विद्यापीठात एलेनी काटिफोरी आणि सहकाऱ्यांनी (२०१०) पानांच्या शिरेला भोक पाडून देठातून चमकता रंग सोडला. लिंबात तो भोकाला वळसा घालून पुढे पसरला. गिंकोत भोकापलीकडची पट्टी कोरडीच राहिली!

जाळीला शिरा जास्त, म्हणून खर्चही जास्त. पण अळ्या पानं कुरतडतात तिथे तो वसूल होतो. मुख्य शीर मात्र जाडच हवी: पाणी नेणाऱ्या या नळीचा व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह १/१६ उरतो.