एमएसडब्ल्यूचं दुसरं वर्ष: मिरजेचा वॉर्ड की जतची वस्ती?

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, तिसऱ्या सत्रात एजन्सी (फील्डवर्कची जागा) ठरवायची वेळ आली की सांगली भागातल्या मुलामुलींपुढे बहुधा दोन वाटा उरतात. एक मिरजेच्या सरकारी रुग्णालयाची, दुसरी जत-आटपाडीकडे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेची. मी रुग्णालय घेतलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. तरी जतचं पारडं हलकं समजू नका. समुदाय संघटन हाच तुमचा विषय असेल, तर वॉर्डात तो शिकायला मिळत नाही. पाण्याचा टँकर गावठाणात थांबतो की मळ्यातल्या वस्तीपर्यंत जातो, हे कोण ठरवतं आणि ते बदलायला कोणाच्या ओट्यावर बसावं लागतं, हे तिथेच कळतं.

अडचण कामाची नाही, वेळेची आहे. बहुतेक ठिकाणी फील्डवर्क आठवड्याचे दोन दिवस, एकूण १५ तास असतं. सांगलीहून एसटीने जत गाठायला दोन-अडीच तास, तिथून गावचा फाटा, फाट्यापासून वस्ती पायी. सकाळी सातला निघालात तरी वस्तीवर पोचेपर्यंत साडेदहा वाजतात. तोवर बायका डाळिंबाच्या नाहीतर द्राक्षाच्या बागेत कामाला गेलेल्या असतात. त्या परततात सहाच्या सुमाराला आणि परतीची गाडी गाठायची तर तुम्हाला चार-साडेचारला फाट्यावर उभं राहावं लागतं. मधल्या वेळात भेटतात अंगणवाडी सेविका, घरी राहिलेली म्हातारी माणसं आणि जमलं तर ग्रामसेवक. रेकॉर्डिंगच्या वहीत ‘गृहभेट दिली, संबंधित महिला घरी नव्हत्या’ हे वाक्य इतक्यांदा येतं की आयसीला, म्हणजे वैयक्तिक चर्चेला, पर्यवेक्षकांनी विचारावं असं काही उरत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

बचत गटाचंही तसंच. गटाची बैठक तारखेवर असते, महिन्याच्या ५ ला किंवा १० ला. तुमचं फील्डवर्क वारावर, समजा गुरुवार-शुक्रवार. दोन्ही जुळून येणारे महिने अख्ख्या सत्रात एक-दोनच. त्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. सप्टेंबरात ज्या वस्तीचं सर्वेक्षण केलं, तिथे जानेवारीत अर्ध्या दारांना कुलपं. चौथ्या सत्रात गटकार्य ज्यांच्याबरोबर करायचं तीच माणसं कोयता घेऊन बाहेर असतात.

एक गोष्ट मात्र हे सगळं उलटवू शकते: मुक्काम. संस्थेकडे राहायची सोय असेल आणि विभाग परवानगी देत असेल, तर गुरुवारची रात्र गावात काढा. संध्याकाळी सात ते नऊ या दोन तासांत जेवढी बोलणी होतात, तेवढी दिवसाच्या तीन फेऱ्यांत होत नाहीत. मुली असाल तर सोय नेमकी कुठे, सोबत कोण, हे संस्थेकडून लेखी घ्या. मुक्काम नक्की असेल तर माझं मत बाजूला ठेवा आणि जत घ्या.

आता मिरज. तिथे माणूस शोधावा लागत नाही, तो खाटेवर असतो. पण तोच तोटाही. पहिली मुलाखत गुरुवारी, दुसरी शुक्रवारी आणि पुढच्या गुरुवारी त्या खाटेवर दुसराच रुग्ण. मेडिसिन किंवा सर्जरीच्या जनरल वॉर्डात पूर्ण केसवर्क (एकाच व्यक्तीबरोबर सलग भेटींतून करायचं काम) होईल ही आशा सोडा. केस निवडताना जो पुन्हा येणार आहे असाच रुग्ण घ्या. डायलिसिसचे रुग्ण बहुधा ठरलेल्या वारी, आठवड्यातून दोन-तीनदा येतात. सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार अशा पाळ्या असतील तर तुमच्या दोन दिवसांत दोन्ही पाळ्यांतली माणसं दर आठवड्याला भेटतात. सुई लागली की माणूस चारेक तास एका जागी असतो. पहिला तास सोडून द्या, शेवटच्या अर्ध्या तासात थकवा येतो, मधला वेळ तुमचा. एआरटी केंद्र (एचआयव्हीवरचे उपचार) आणि क्षयरोग विभागातही रुग्ण परत येतो. साध्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांचे, म्हणजे जवळजवळ तुमच्या फील्डवर्कइतकेच.

वॉर्डात अकराच्या आधी मुलाखत धरू नका, राउंड चालू असतो. विषारी औषध घेतलेल्या रुग्णाला नातेवाईक खाटेभोवती असताना ‘का घेतलं’ विचारू नका. ज्याच्यामुळे घेतलं तोच उशाशी उभा असू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र तणावाखाली होता असंच मानतं, तेवढं वाचून जा. रेकॉर्डिंगमध्ये खरं नाव, गाव किंवा केसपेपरचा नंबर लिहू नका.

कागदपत्रांचा जाच इथे आहेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्डात नाव नाही, आधारवर आडनाव वेगळं, झेरॉक्सला माणूस नाही. सगळे हे काम विद्यार्थ्यावर ढकलतात. थोडं करा, कारण त्या धावपळीत घरची खरी परिस्थिती कळते. पण पहिल्याच आठवड्यात समाजसेवा अधीक्षकांशी बोलून दिवसाचा एक तास ठरवून घ्या, नाहीतर सत्रभर अर्जच भरत बसाल. कन्नड येत असेल तर मोठा आधार होतो, सीमेपलीकडचे रुग्ण मिरजेला भरपूर येतात. अर्थात जतच्या पूर्व भागातही तीच भाषा कामी येते.

म्हणून माझा कल असा: आठवड्याच्या दोन दिवसांसाठी मिरज आणि जत ठेवा ब्लॉक प्लेसमेंटच्या, म्हणजे सलग फील्डवर्कच्या, महिन्यासाठी. ब्लॉक एप्रिल-मेमध्ये असेल तर टोळ्या परतलेल्या असतात, मुक्काम गावातच असतो आणि १ मेची ग्रामसभा त्याच दिवसांत येते. आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा असेल तर तिला आधी बसा.