बोर्ड न बदलता ओव्हन दुरुस्त करून देणारा तंत्रज्ञ

डिस्प्लेवर एरर कोड, बटणं दाबली की नुसतं पिप-पिप, आत हीटर थंड. माहितीपुस्तिकेत त्या कोडपुढे एवढंच होतं: कंट्रोल पॅनेल आणि मुख्य बोर्ड यांच्यात संपर्क नाही. आधीच्या सर्व्हिस सेंटरने ओव्हन न बघताच दोन्ही बोर्ड बदला म्हणून फोनवर सांगून टाकलं. याचा मला खरोखर राग आला.

या तंत्रज्ञाने मात्र आधी विचार केला. डिस्प्ले उजळतोय, म्हणजे पॅनेलला वीज मिळते आहे. मग संशय संदेश नेणाऱ्या तारांवर. मेन स्विच बंद करून, कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या भागातला) चार्ज उतरेपर्यंत थांबून त्याने पॅनेल उघडलं. दोन बोर्डांमधली चपटी रिबन केबल काढली आणि मल्टिमीटर लावून एकेक तार तपासली; तार अखंड असली की मीटर बीप देतो. सरळ धरली तर सगळ्या तारा ठीक. वाकवली की एका तारेवर मीटरचा बीप मध्येच थांबायचा! त्याने मला ते पुन्हा करून दाखवलं. कनेक्टरच्या दोन पिनाही उष्णतेने काळवंडल्या होत्या.

केबल बदलली, पिना साफ केल्या, कोड गेला. पण तेवढ्यावर तो उठला नाही. केबल इतकी तापली कशाने, हे शोधताना कूलिंग फॅन धुळीने जाम झालेला निघाला. तोही मोकळा केला.

यायला बराच उशीर केला आणि कळवलंही नाही, म्हणून रेटिंगमध्ये एक स्टार कमी. कामाला पूर्ण गुण.