ठाण्याच्या दमट हवेत दोन फुटी रीफ टँक: नऊ महिन्यांचा अनुभव

माझ्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, नोव्हेंबरात पाणी भरलं, आता ऑगस्ट चाललाय. मधे एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा निघाला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. खाऱ्या पाण्याच्या टँकबद्दल पहिल्या दोन महिन्यांत लिहिलेलं काही वाचूच नये असं माझं मत झालंय. तेव्हा सगळंच छान दिसत असतं.

टँक २४ बाय १५ बाय १६ इंचांचा, स्थानिक काचवाल्याकडून ८ मिमी काचेत करून घेतलेला. काठोकाठ भरला तर ९४ लिटर, पण दगड-वाळू घातल्यावर पाणी ८० लिटरच्या आसपास राहतं. घर पश्चिमेला तोंड करून, तिसरा मजला. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं रामायण त्या पश्चिमेच्या भिंतीमुळेच आहे.

दुकानात गेलात की खरेदी ठरावीक क्रमाने सुरू होते: काच, लाइट, फिल्टर, मासे. पाणी आणि तापमान हे विषय तुम्ही काढलेत तरच निघतात. माझं नऊ महिन्यांनंतरचं मत बरोबर उलटं आहे. आपल्याकडे पहिला पैसा चिलरवर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) आणि पाण्यावर घालावा, लाइटमध्ये काटकसर चालते, आणि मासे हा सगळ्यात स्वस्त भाग आहे.

आधी चिलर. प्रवाळांना २५ ते २७ अंश मानवतं. तिशीच्या वर पाणी बरेच दिवस राहिलं की त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. पुण्यातला माझा मावसभाऊ टँकवर दोन छोटे पंखे लावून एप्रिल काढतो. तो म्हणाला, "ताई, चिलर कशाला? पंखा पुरतो." त्याला पुरतो, कारण एप्रिलमधली पुण्याची हवा कोरडी. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता सोबत जाते, म्हणजे पंख्याचं काम खरं तर वाफेचं काम. हवाच ओलीचिंब असेल तर वाफ होणार कशी? मार्चमध्ये माझ्याकडे पंख्याने तीन अंश उतरायचे, मे उजाडला तसा एक अंशही धड उतरेना. खोली ३३, पाणी ३१ च्या पुढे. मग १/१० एचपीचा चिलर आला.

चिलरच्या तक्रारीही आहेत. आवाज जुन्या फ्रिजइतका येतो, आणि पाण्यातली उष्णता तो बाहेर टाकतो म्हणजे आमच्याच हॉलमध्ये टाकतो. बंद कपाटात ठेवला तर स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो, म्हणून आता तो गॅलरीच्या दाराशी आहे आणि पाइप भिंतीच्या कडेने गेलेत. विजेचं म्हणाल तर लाइट आणि पंप मिळून महिन्याला २५ युनिटच्या आत बसतात. मे महिन्यात चिलरने त्यावर आणखी ५०-६० युनिट घेतली. जुलैपासून तो दिवसातून थोडाच वेळ चालतोय.

आता पाणी. "खाडी एवढी जवळ आहे, तिकडूनच आणायचं ना," असं सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येकाने सुचवून झालंय. खाडीत गाळ आहे, सांडपाणी आहे, आणि पावसाळ्यात खारटपणा इतका उतरतो की मोजण्यातही अर्थ नाही. सासूबाईंचा प्रश्न जास्त रास्त होता: "अगं, खडेमीठ घालून नाही का चालत?" नाही चालत. खडेमीठ म्हणजे जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट हे सगळं ठरावीक प्रमाणात असतं. म्हणून तयार रीफ सॉल्ट आणावं लागतं. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीलाच तीन किलो. मी रेड सी कंपनीच्या मिठाची निळी बादली वापरते. त्याच कंपनीच्या कोरल प्रो मिठाची अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएच या मापात) १२ च्या आसपास असते. कठीण प्रवाळं झपाट्याने वाढवणाऱ्यांसाठी ती ठीक, माझ्या मऊ प्रवाळांना ८-९ पुरते.

मीठ ज्या पाण्यात घालायचं त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्य हवा. इथे आपल्याकडच्या घरगुती आरओ मशीनची गोम आहे. चव यावी म्हणून त्यात टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं साधं पाणी परत मिसळतो. मीटर लावला तर ५०-६० दाखवतो. त्याहून वाईट म्हणजे हल्लीची तांबं सोडणारी मशीन. माणसाला ते चालत असेल, पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना तांबं म्हणजे विष. मी मेम्ब्रेनच्या लगेच पुढे वेगळा नळ काढून घेतला आणि त्याला डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या बारीक मण्यांचा) डबा जोडला. प्लंबरने हे तासाभरात केलं, तेही "मॅडम, पिण्याचं पाणी एवढं साफ करून माशांना?" असं म्हणत. वाया जाणारं पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरते.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. तरंगणारं प्लास्टिकचं हायड्रोमीटर स्वस्त पडतं, पण काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटरसोबत ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावणही घ्या. शून्यावर बरोबर दाखवणारं यंत्र पस्तिशीला बरोबर असेलच असं नाही.

लहान टँक म्हणजे कमी कटकट, हा गैरसमज इथेच सुटतो. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. पंखा चालू असताना माझ्याकडे रोज दीड लिटर उडायचं. चार दिवस कोणी पाणी टाकलं नाही तर ८० चे ७४ लिटर होतात आणि ३५ चा खारटपणा पावणेअडतीसवर जातो. तीनशे लिटरच्या टँकला सहा लिटर म्हणजे काहीच नाही. म्हणून ऑटो टॉप-ऑफ ही चैन नाही. सेन्सर पातळी बघतो, छोटा पंप डब्यातलं शुद्ध पाणी सोडतो. शुद्ध पाणीच हं, खारं नाही.

माझ्या पहिल्या टॉप-ऑफच्या सेन्सरवर एके रात्री गोगलगाय जाऊन बसली. त्याला वाटलं पातळी खाली आहे, आणि तो पंप चालवत राहिला. दुसरा सुरक्षा-सेन्सर असल्याचं खोक्यावर छापलं होतं, त्याने काहीच केलं नाही. विक्रेत्याचं उत्तर, "गोगलगायीची वॉरंटी नसते." डबा पाच लिटरचा होता म्हणून निभावलं, खारटपणा थोडा उतरला आणि हळूहळू वर आणता आला. वीस लिटरचं पिंप असतं तर हॉलमध्ये तळं झालं असतं. आताच्या मशीनला दोन वेगळ्या प्रकारचे सेन्सर आहेत, ते जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेत, आणि डबा अजूनही पाच लिटरचाच ठेवलाय.

लाइट चिनी, ५० वॉटचा, निळे-पांढरे चॅनल वेगळे करता येणारा. मऊ प्रवाळांना पुरून उरतो. मी अजून ४५ टक्क्यांच्या वर नेलेला नाही. महागडा लाइट मित्राकडे पाहिला, रंग खरंच सुंदर दिसतात, पण त्या पैशात माझा चिलर आला. वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, जेबाओ कंपनीचा, डीसीवर चालणारा, तक्रार नाही. व्हिनेगरमध्ये महिन्यातून एकदा बुडवून ठेवला की चुन्याचा थर निघतो. डीसीचा फायदा वीज गेल्यावर कळतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो तासन् तास चालतो. तीस अंशांच्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी मावतो, त्यात पाणी थांबलं तर मासे आधी जातात. स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र, मी घेतला नाही. एवढ्या टँकला आठवड्याला आठ लिटर पाणी बदललं की काम भागतं.

एक गोष्ट कोणीच सांगत नाही: मीठ चढतं. काचेच्या कडेवर, वायरवर, लाइटच्या स्टँडवर पांढरी पापुद्री धरते, आणि ती ओल ओढून पुढे सरकते. शेजारच्या स्टीलच्या कपाटाची बिजागरी गंजली. एक्स्टेन्शन बोर्ड टँकच्या खाली कधीही ठेवू नका, बाजूला उंचावर ठेवा, आणि प्रत्येक वायरला बोर्डाआधी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ तिथूनच टपकेल.

दगड आणि प्रवाळ हा नाजूक विषय. कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. तरी दुकानात हॅमर, टॉर्च ही कठीण प्रवाळं उघड विकायला असतात. "इम्पोर्टेड आहे, पेपर आहेत" असं सांगितलं गेलं. पेपर दाखवा म्हटल्यावर विषय गोगलगायींवर गेला. मी कठीण प्रवाळ घेतलंच नाही. झोआंथिड, मशरूम, टोडस्टूल लेदर या मऊ प्रकारांवरच टँक उभा आहे आणि मला तो कुठे उणा वाटत नाही. दगड सिरॅमिकचे, वाळू पाकीटबंद अरागोनाइट, म्हणजे चुनखडीची. मालवणला गेल्यावर किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकायचा मोह होतो, तो आवरा. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि मेलेलं प्रवाळही कायद्याने प्रवाळच.

झोआंथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, अतिशय जहाल. दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकणं तर अजिबात नको, त्या वाफेने अख्ख्या कुटुंबाला दवाखाना गाठावा लागल्याच्या घटना परदेशात झाल्यात.

कोरड्या दगडांमुळे सायकलला, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वसायला, महिना-सव्वा महिना लागला. बाटलीतले बॅक्टेरिया, अमोनियम क्लोराइडचे थेंब, आणि रोज टेस्ट किट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा नको. नंतर तपकिरी डायटम (सूक्ष्म शैवालं) आले, मग हिरवी केसाळ शेवाळं. फेब्रुवारी-मार्चमध्ये टँक इतका घाण दिसत होता की पाहुणे आले की मी लाइट बंद करायचे. या काळात लोक बाटल्यांतली रसायनं ओततात. मी जुन्या टूथब्रशने घासत राहिले, खाणं कमी केलं, सेरिथ आणि नासारियस गोगलगायी वाढवल्या. मेमध्ये मागच्या काचेवर जांभळ्या कोरलाइन शैवालाचे ठिपके दिसले, तेव्हा कुठे टँक स्थिरावल्याची खात्री पटली.

मासे तीनच. क्लाउनफिशची जोडी हॅचरीतली. समुद्रातून धरलेले घ्यायची आता गरजच नाही. सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळातल्या विझिंजम आणि तमिळनाडूतल्या मंडपमला त्यांचं प्रजनन कधीच बसवलंय, आपल्या ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानाची हॅचरी आहे. हॅचरीतले मासे पहिल्या दिवसापासून पाकिटातलं खाणं खातात, हा मोठा फायदा. दोघांत मोठी असते ती मादी. ती मेली तर नराचंच मादीत रूपांतर होतं. आमच्याकडे अनेमोन (क्लाउनफिश ज्यात राहतात तो समुद्री जीव) नाही, तर दोघं टोडस्टूलच्या झालरीत झोपतात.

तिसरा पिवळा वॉचमन गोबी, आणि त्याच्यासोबत पिस्तूल कोळंबी. या जोडीसाठी अख्खा खर्च वसूल. कोळंबीला धड दिसत नाही. ती बिळातून बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर येते, पण एक मिशी सतत गोबीच्या शेपटीला टेकलेली. सावली पडली की गोबी शेपूट थरथरवतो, कोळंबी तत्क्षणी आत. रात्री तिच्या नांगीचा 'टक्' असा आवाज येतो, पहिल्यांदा ऐकाल तर काच तडकली असंच वाटेल. मात्र दगड आधी थेट तळाच्या काचेवर ठेवा आणि मग वाळू घाला, नाहीतर ती खालून पोखरेल आणि दगड कोसळतील.

मँडरिन मासा दुकानात कितीही गोड दिसला तरी घेऊ नका. तो दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत जीव टिपतो, एवढ्या टँकमध्ये बहुतेकदा उपाशी मरतो. ब्लू टँगला तर सहा फुटी टँक लागतो. दुकानदार "छोटाच राहील" म्हणतील. राहत नाही.

गणपतीत आम्ही चार-पाच दिवस गावी असतो. टॉप-ऑफचा डबा तेवढ्यात रिकामा होऊ शकतो, म्हणून शेजारच्या काकूंकडे किल्ली, शुद्ध पाण्याचे भरलेले कॅन आणि माशांच्या खाण्याच्या रोजच्या चिमटीएवढ्या पुड्या देऊन जाणार आहे. पुड्या मोजूनच. काकूंचा हात सढळ आहे, आणि आमच्याकडच्या मांजरीचं काय झालंय ते मी बघतेच आहे.