एरंडेलाचं आम्ल की पेप्टाइड? जेलवरचा प्रोजेक्ट निवडताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एम.एस्सी.च्या मुलामुलींनी छोट्या रेणूंच्या जेलवर प्रोजेक्ट घ्यायचं मनात आणलं, की गाडी बहुतेक दोन नावांपाशी अडते. एक १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल, जे एरंडेलापासून बनतं आणि तेल गोठवतं. दुसरं एफमॉक-डायफिनाइलअलानिन हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या जोडणीतला छोटा रेणू, जो पाणी गोठवतो. माझं मत आधीच सांगते: हातात एकच सेमिस्टर असेल, तर पहिलं घ्या.

जिलेटिन किंवा अगरमध्ये लांबलचक साखळ्या आयत्याच असतात. इथे सुटे रेणू हायड्रोजन बंधांसारख्या दुबळ्या ओढीनं एकमेकांना धरतात, त्यांचे तंतू होतात, तंतूंचं जाळं होतं आणि सगळा द्रव त्यात अडकून बसतो. शंभर भागांत एखाद-दोन भाग पदार्थ पुरतो.

एरंडेलाच्या आम्लाचं काम टेस्ट ट्यूब आणि वॉटर बाथवर भागतं. शेंगतेलात दोन टक्के टाका, ८०-९० अंशांवर पूर्ण विरघळेपर्यंत तापवा, थंड होऊ द्या. तेल धूसर, पांढरट होतं आणि ट्यूब उलटी केली तरी खाली येत नाही. शेजारी दुसऱ्या ट्यूबमध्ये तेवढंच साधं स्टिअरिक आम्ल घ्या. कार्बन दोघांतही १८, फरक फक्त बाराव्या कार्बनवरच्या एका हायड्रॉक्सिल गटाचा. पण साध्या आम्लाचे चपटे स्फटिक पडतात, तसं जाळं काही जमत नाही. एवढ्या एका जोडीवर प्रोजेक्टचं अर्धं प्रकरण उभं राहतं. पुढचा प्रश्न थंड करण्याच्या वेगाचा: बर्फात ठेवलेलं जेल आणि बाथमध्येच सावकाश निवलेलं जेल सारखं नसतं, कारण झटकन थंड केलं की तंतू आखूड आणि जास्त फाट्यांचे होतात. शिवाय अशा रेणूची डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपं असू शकतात; एरंडापासून मिळणारा रेणू एकाच हाताचा, म्हणजे आर-रूपातला असतो. डावे-उजवे रेणू समसमान मिसळले की पिळाच्या तंतूंऐवजी पापुद्रे बनतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीनला जे लिथियम ग्रीस लावतात, त्यातही बहुधा याच आम्लाचं लिथियम मीठ असतं, तेव्हा विषय आपल्या दारातलाच आहे.

पेप्टाइडचं आकर्षण मला पुरतं कळतं. त्याची पाण्यातली जेलं २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यात पेशी वाढवण्यापर्यंत काम गेलं. पण ते ग्रॅमच्या भावानं मिळतं आणि महाग पडतं. अल्कलीत विरघळवून पीएच उतरवायचा असतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, तर थेंब पडेल तिथे गुठळी होते. म्हणून ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन वापरतात. ते पाण्यात हळूहळू आम्ल सोडतं आणि जेल एकसारखं लागतं. याच रेणूचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचा आम्लगट निम्मा प्रोटॉन सोडतो तो आकडा, ३.५ च्या आसपास अपेक्षित असताना, रेणू एकत्र आल्यामुळे तो कित्येक एककांनी वर सरकलेला आढळतो. हे समजून घ्यायला चांगला पीएच मीटर आणि भरपूर सवड लागते. पुढे औषधवहनात पीएच.डी. करायची असेल आणि गाईडकडे या दोन्ही गोष्टी असतील, तर खुशाल घ्या.

जेल करणाऱ्या रेणूंतलं तिसरं नाव डायबेन्झिलिडीन सॉर्बिटॉल. ते १८९१ पासून माहीत आहे आणि पारदर्शक पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकसाठी आजही वापरात आहे. स्वतः संश्लेषण करायची हौस असेल तरच बघा; आम्लात ते तुटतं.

निवडीत रिओमीटरचा, म्हणजे जेल किती घट्ट आहे ते मोजणाऱ्या यंत्राचा, विचार मात्र आधी करा. नुसत्या उलट्या ट्यूबवर परीक्षक समाधानी होत नाहीत. स्टोरेज मॉड्युलस (घनासारखा ताठपणा) लॉस मॉड्युलसपेक्षा (द्रवासारखा वाहतेपणा) वर आहे हे दाखवावं लागतं. विभागात यंत्र नसेल, तर धारवाड-कोल्हापूर गाठणं आलं, आणि ही जेलं थोड्याशा ताणालाही मोडतात. एरंडेलाच्या आम्लाचं जेल तिथे पुन्हा वितळवून थेट यंत्राच्या प्लेटवर लावता येतं. लॅक्टोननं लावलेलं पेप्टाइडचं जेल एकदा बसमध्ये हिंदकळून मोडलं, की उतरलेला पीएच काही आपोआप वर चढत नाही. ते तिथेच ताजं कालवावं लागतं आणि यंत्रावरचा वेळ त्या हिशेबानं मागून घ्यावा लागतो.