सामने पाहण्यासाठी स्मार्ट टीव्ही घ्यावा की स्टिक?

क्रिकेट, कबड्डी किंवा फुटबॉलचे थेट सामने इंटरनेटवरून मोठ्या पडद्यावर पाहायचे ठरवले, की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुटुंबापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे साधारण वीस ते पस्तीस हजारांचा नवा ४३ इंची स्मार्ट टीव्ही, आणि दुसरा म्हणजे घरातल्या टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये बसवायची तीन ते सात हजारांची स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे इंटरनेटवरची ॲप्स साध्या टीव्हीवर चालवणारे बोटाएवढे उपकरण. दोन्हींवर बहुतांशी तीच ॲप्स चालत असल्यामुळे निर्णय केवळ किमतीवर सोडण्याचा मोह होतो. वास्तविक या दोन वस्तूंची कामे वेगळी आहेत. सामना घरापर्यंत आणण्याचे काम स्टिक करते. चेंडू स्पष्ट दिसेल की त्याच्यामागे पुसट शेपूट दिसेल, हे पडदा ठरवतो.

म्हणून आधी घरातला पडदा तपासावा. कौटुंबिक मालिकेत कॅमेरा बराच वेळ चेहऱ्यावर स्थिर असतो; सामन्यात मात्र तो उंच उडालेल्या चेंडूमागे संपूर्ण मैदान ओलांडून धावतो, आणि स्वस्त पॅनेलचे, म्हणजे खुद्द पडद्याचे, दोष नेमके तेव्हाच उघडे पडतात. जुन्या ३२ इंची एचडी रेडी टीव्हीला कितीही महागडी फोरके (फुल एचडीच्या चौपट बिंदूंचे चित्र देणारी) स्टिक लावली, तरी पडद्यावरचे बिंदू १३६६ गुणिले ७६८ एवढेच राहतात. उलट, चांगल्या कंपनीचा ४० किंवा ४३ इंची फुल एचडी टीव्ही घरात असेल आणि बैठक दहा-बारा फुटांवर असेल, तर तेवढ्या अंतरावरून फुल एचडी आणि फोरके यांतला फरक सहसा जाणवत नाही. अशा घराने नव्या टीव्हीवर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. टीव्ही घ्यायचाच असेल, तर खोक्यावरच्या ‘मोशन रेट’च्या मोठ्या आकड्यांवर न जाता पॅनेलचा खरा रिफ्रेश रेट किती हर्ट्झ आहे, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते, ते विचारावे. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, ही या बाजूची एक जमेची गोष्ट.

स्टिकच्या बाबतीत एक तांत्रिक बाब दुकानदार क्वचितच सांगतो. आपल्याकडचे क्रीडा-प्रक्षेपण ५० हर्ट्झच्या पद्धतीचे आहे आणि बऱ्याच स्टिक मुळात ६० हर्ट्झवर चित्र पाठवतात. हा मेळ बसला नाही, तर कॅमेरा सीमारेषेकडे सरकताना चित्र किंचित अडखळते. अनेक स्टिकमध्ये डिस्प्ले सेटिंगमधून ५० हर्ट्झ निवडता येते किंवा मूळ फ्रेम-दराशी जुळवून घेण्याची सोय चालू करता येते. एवढे केले तरी चित्रात बराच फरक पडतो.

पडदा आठ-दहा वर्षे टिकतो, पण टीव्हीतली ‘स्मार्ट’ बाजू त्याआधीच थकते. कमी रॅमच्या टीव्हीवर काही वर्षांनी ॲप उघडायला वेळ लागू लागतो आणि पुढे नवी आवृत्तीच मिळेनाशी होते. खेळाच्या प्रेक्षकाला हे अधिक जाचते, कारण सामन्यांचे हक्क एका ॲपवरून दुसऱ्यावर जात राहतात. आयपीएलचे डिजिटल हक्क २०२३ मध्ये हॉटस्टारकडून जिओसिनेमाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ही दोन्ही ॲप्स एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाले. फॅनकोड किंवा सोनी लिव्हसारखे ॲप आपल्या टीव्हीवर मिळतच नाही, असे आढळले तर स्टिक बदलणे परवडते, टीव्ही बदलणे परवडत नाही. अनोळखी बनावटीचे अतिस्वस्त अँड्रॉइड बॉक्स मात्र टाळावेत. त्यांना बहुधा वाइडवाइन एल१ हे चित्राच्या चोरीविरुद्धच्या सुरक्षेचे प्रमाणन नसते आणि त्यामुळे अनेक ॲप्स त्यांच्यावर एचडी चित्र देत नाहीत.

आता खानदेशचा उन्हाळा. आयपीएल एप्रिल-मे महिन्यांत असते आणि याच काळात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. टीव्हीच्या पाठीमागे, भिंतीला चिकटून बसलेल्या इवल्याशा स्टिकला टीव्हीची आणि खोलीची अशी दोन्हीकडची उष्णता सोसावी लागते. तापलेली स्टिक स्वतःचा वेग कमी करते. मग चित्र थांबते आणि दोष इंटरनेटला दिला जातो. एचडीएमआयची छोटी जोडवायर वापरून तिला टीव्हीपासून थोडे बाहेर, हवेशीर ठेवावे आणि तिला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून न देता तिच्यासोबत आलेल्या ॲडॉप्टरमधून द्यावी, कारण जुन्या टीव्हींचा पोर्ट पुरेसा प्रवाह देईलच असे नसते. स्मार्ट टीव्हीला या उष्णतेचा तेवढा त्रास होत नाही. विजेच्या कमी-जास्त दाबाचे मात्र तसे नाही. तिथे नुकसान झालेच तर ते हजारांत मोजावे लागते, आणि शहादा-नवापूरसारख्या तालुक्याच्या गावी दुरुस्तीचा माणूस कधी येईल, हेही खरेदीपूर्वी विचारून ठेवलेले बरे.

इंटरनेटचा प्रश्न दोघांनाही सारखाच आहे. एचडी चित्राला तासाला साधारण दोन ते तीन जीबी डेटा लागतो. म्हणजे साडेतीन तासांच्या टी-ट्वेंटी सामन्याला सात ते दहा जीबी. दिवसाला दोन जीबीच्या मोबाइल प्लॅनवर हॉटस्पॉट लावून हे भागणार नाही, त्यासाठी फायबर हवे. धाब्याच्या घरातल्या जाड मातीच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय नीट जात नाही, तिथे २.४ गिगाहर्ट्झ वापरावे किंवा थेट इंटरनेटची केबल जोडावी. बऱ्याच स्मार्ट टीव्हींना या केबलची जागा असते, स्टिकला बहुधा वेगळा ॲडॉप्टर घ्यावा लागतो. शिवाय केवळ मोबाइलसाठीची वर्गणी टीव्हीवर चालत नाही, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे.

स्टिकचा एक फायदा टीव्ही कधीच देऊ शकत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी किंवा गावच्या घरी जाताना ती खिशात टाकून नेता येते आणि तिथल्या टीव्हीवर आपल्याच खात्यातून सामना लावता येतो. त्या टीव्हीला एचडीएमआय पोर्ट असावा, एवढीच अट.

एक गोष्ट मात्र दोन्हींपैकी काहीही घेतले तरी सुटत नाही. इंटरनेटवरचे चित्र डिशवरच्या चित्रापेक्षा उशिरा, कधी कधी अर्ध्या मिनिटाने मागे, चालते. त्यामुळे विकेट पडल्याचे आधी शेजारच्या आरडाओरड्यावरून कळते. ज्यांना फक्त भारताचे मोठे क्रिकेट सामने पाहायचे आहेत, त्यांनी तर या खर्चात पडण्यापूर्वी डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेचा विचार करावा. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे लागते आणि ते तिथे मासिक वर्गणीशिवाय दिसते.

बाकीच्यांसाठी माझे मत असे: पडदा ४० इंचांच्या आसपासचा आणि किमान फुल एचडी असेल, तर आधी स्टिक घ्यावी. पडदा लहान किंवा फिकट झालेला असेल, तर टीव्ही घ्यावा, पण अधिकचे पैसे ॲप्सच्या यादीवर न घालता पॅनेलवर घालावेत, आणि दुकानात फुलपाखरांचा झगमगीत नमुना न पाहता चालू सामना लावायला सांगावा.